देव्हाऱ्याची रिकामी जागा

कुणाच्या घरी राम राम म्हणतात, कुणाच्या घरी जय भीम, कुणाकडे सलाम, डोंगराकडच्या पाड्यावर जोहार. तुमच्या घरात जे चालतं ते आमच्याकडून घ्या.

मागच्या वेळी आपण गटातल्या थकीत हप्त्यांवर बोललो होतो. आज आम्ही यायला निघालो तेव्हा केंद्रावरच्या ताईंनी फोनवर विचारलं, विषय काय लिहू? आम्ही म्हटलं, देव सोडणं. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, जपून बोला हं. तर जपूनच बोलणार आहोत. कुणी देव सोडावा असं सांगायला आम्ही आलेलो नाही, आणि सोडलेल्याने परत धरावा असंही नाही. आमच्या गटात एक गोष्ट घडली, त्यात आम्ही चुकलो, ती सांगायची आहे.

आमचा गट निफाड तालुक्यातल्या एका गावातला. बारा जणी. मराठा, माळी, वंजारी, दोघी कोळी, आम्ही तिघी बौद्ध आणि एक भाभी. दर महिन्याला दोनशे रुपये बचत, अंगणवाडीच्या ओट्यावर बैठक, गैरहजर राहिलं तर दहा रुपये दंड. यातल्या एकीला सगळ्या वहिनी म्हणतात. तिने सांगितलंय, माझी गोष्ट सांगा, नाव सांगू नका.

वहिनीचा थोरला मुलगा आयटीआयला होता. त्याला किडनीचा आजार निघाला. वर्षभर दवाखाने झाले आणि दवाखान्यांच्या जोडीला देवही झाले. वणीचा गड ती गावापासून अनवाणी चालत गेली. सप्तशृंगीला साडीचोळीचा नवस बोलली. त्र्यंबकला जाऊन विधी केला. कुणी सांगितलं म्हणून एका बाबाकडे पाच अमावास्या गेली. गटातून वीस हजार रुपये कर्ज घेतलं, वहीत कारण लिहिलं घरदुरुस्ती. घर कुठलं दुरुस्त होतंय हे आम्हां बाराही जणींना माहीत होतं. आम्ही सह्या केल्या.

आषाढात मुलगा गेला.

दहावं-तेरावं सगळं रीतसर झालं. त्यानंतर एका सकाळी वहिनीने देव्हाऱ्यातले टाक लाल फडक्यात बांधले आणि लोखंडी पेटीत ठेवून दिले. बोलली काही नाही, रडलीही नाही. नवरात्र आलं, घट बसवला नाही. सासूबाईंनी डोकं आपटून घेतलं. शेवटी धाकट्या दिराने टाक आपल्या घरी नेले आणि घट तिकडे बसला.

आम्हाला वाटलं होतं, दुःखाने रागावली आहे, वर्ष गेलं की होईल ठीक. पुढे एकदा तिनेच आम्हाला सांगितलं, "राग असता तर बरं होतं बाई. राग जातो. मी तिथं हात जोडते आणि मला तिथं कुणी दिसतच नाही." हे वाक्य आमच्या आजही कानात आहे.

गावाने काय केलं ते सांगायला नको. फेब्रुवारीत गारपीट झाली, चार बागा झोडपल्या गेल्या, तर पारावर कुणीतरी म्हणालंच, ज्या गावात घट मोडतात तिथं गाराच पडायच्या. सासूबाई आजारी पडल्या, तेही वहिनीवर. बायकांनी तर त्याच्या आधीच काम करून ठेवलं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू गटाच्या नावाने होतं, यादी करायला बसलो. एकजण म्हणाली, "तिला बोलावून तिलाच अवघड. ती थोडीच कुंकू लावणार?" सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हीही. तिच्याच सोयीसाठी बोलावत नाही, असं आम्ही आपल्या मनाला सांगितलं. मैत्रिणींनो, तुमच्याच सोयीसाठी म्हणून आपल्याला आजवर कुठून कुठून बाहेर ठेवलं गेलंय ते आठवा.

त्यानंतर वहिनी बैठकीला यायची बंद झाली. मुलीच्या हाती बचत पाठवायची. आम्ही इतिवृत्तात गैरहजर लिहायचो आणि नियमाप्रमाणे दहा रुपये दंड. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मुलगी दोनशे दहा रुपये पुढे ठेवून म्हणाली, "आई म्हणली, दंड घ्या, पण कशाचा ते लिहा."

लेखनिकाच्या हातात पेन तसंच राहिलं.

त्या दिवशी घरी येताना आम्हाला आमची आजी आठवली. आजी जाऊन काही वर्षं झाली, गेली तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. आमच्या घरात देव्हारा नाही, आम्ही जन्मापासून पाहिला नाही. त्यामुळे आमचा समज असा की आमच्या घरात हा प्रश्न कधी आलाच नसणार. बाबासाहेबांनी सांगितलं, लोकांनी देव नदीत सोडले, विषय संपला. पुस्तकात तसंच असतं ना, दोन ओळींत.

आणि हा इतिहास आपल्याच जिल्ह्याचा आहे, म्हणून थोडा सांगतो. पंचवटीत काळाराम मंदिर आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे गेल्या असाल. 2 मार्च 1930 ला त्या मंदिरात जाऊ द्या म्हणून अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पुढारी बाबासाहेब आंबेडकर, आणि जागेवर राबणारे आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड. बायकाही त्यात होत्या, दारासमोर बसायच्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथावरून दगडफेक झाली. सत्याग्रह सुमारे पाच वर्षं रेटला, दरवाजा उघडला नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आज तिथे मुक्तिभूमी आहे. प्रत्यक्ष दीक्षा झाली ती 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं गेली. एवढा अभ्यासू माणूस, त्याने एकवीस वर्षं घेतली. आपण शेजारणीला एक नवरात्र देत नाही.

आमच्या आजोबांची दीक्षा नागपूरची नव्हे. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, आजोबांनी मनमाडहून गाडी पकडली आणि दादरला पोचले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला आलेल्या लाखभर लोकांनी तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली, त्यात आजोबा होते. चौथ्या दिवशी घरी आले ते डोळे सुजलेले. आल्या आल्या देव्हारा मोकळा केला. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, शेंदूर फासलेली मरीआई, सगळं टोपलीत.

आजीला कुणी विचारलं नव्हतं. ती अठराची, कडेवर पहिली मुलगी. दीक्षा नवऱ्याने घेतली आणि देव तिच्या घरातले गेले. रोज दिवा लावणारी, शुक्रवार धरणारी, मरीआईला दहीभात ठेवणारी तीच होती. आजोबांसाठी ती एका दिवसाची गोष्ट होती, मोठी, अभिमानाची. आजीसाठी ती रोजच्या संध्याकाळची होती.

तर आजीने काय केलं? टोपली नदीवर जायच्या आधी देवीचा टाक काढून कणगीत ज्वारीखाली लपवला. पुढच्या उन्हाळ्यात मुलीला गोवर निघाला. तेव्हा गोवराला देवीच आली म्हणायचे. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, सोडलीस ना तिला, आता ती पोर घेऊन जाईल. त्या रात्री आजोबा झोपल्यावर आजीने कणगीत हात घालून टाक काढला, चुलीमागे बसून दिवा लावला आणि माफी मागितली. पोर बरी झाली. तालुक्याच्या डॉक्टरचं औषधही चालू होतं. आजी म्हणायची, "आता सांग, मी कुणाचे उपकार मानायचे? देवीचे म्हणावं तर बाबासाहेबांशी खोटं, औषधाचे म्हणावं तर देवीची भीती." तो टाक कणगीत अकरा वर्षं राहिला. तीन मुलं आणखी झाली, गोवर निघाले, कांजिण्या निघाल्या, तिने दर वेळी टाकाकडे बघितलं आणि एकदाही बाहेर काढला नाही. मग एके दिवशी धुणं धुवायला गेली तेव्हा बरोबर नेला. आजोबांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. आम्हाला तिने सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण आवाज खाली करून बोलत होती.

म्हणजे भीती अशी जाते. एका भाषणाने नाही. आणि भीती आहे म्हणून माणूस खोटा असंही नाही.

बाहेरचा त्रास वेगळाच. पूर्वी गावच्या जत्रेला वाजवायचं, मेलेलं ढोर ओढायचं ही आमच्या लोकांची कामं. ती सोडली. मग गावाने शेतातली मजुरी तोडली, आजीला महिनाभर तीन मैलांवर दुसऱ्या गावात निंदणीला जावं लागलं. सरकारदरबारी आणखी एक गंमत. राज्याने बौद्धांना सवलती दिल्या तरी केंद्राच्या सवलती धर्म बदलला म्हणून मिळत नव्हत्या. तो कायदा बदलला 1990 साली. तोवर कितीतरी घरांत मनात एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा. आमच्या काकाच्या दाखल्यावर अजून जुनंच आहे.

पण आजीकडे एक गोष्ट होती जी वहिनीकडे नाही. आजी एकटी नव्हती. आख्खी वस्ती बरोबर होती. देव गेले त्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. आरतीच्या वेळेला त्रिशरण-पंचशील आलं. श्रावणातल्या पोथीच्या जागी पावसाळ्यात वर्षावास आला, विहारात कुणीतरी वाचायचं आणि बायका वाती वळायच्या ऐवजी गोधडी शिवत ऐकायच्या. 14 एप्रिल आली, बुद्धपौर्णिमा आली. लग्न कसं लावायचं, बारसं कसं करायचं, मयताला काय म्हणायचं, याची नवी रीत आली. वणीच्या चैत्रयात्रेची हौस होती, ती नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर भागली. पांडवलेणी म्हणतो आपण त्यांना. आजी तिथे दरवर्षी जायची, पुरणपोळी बांधून. तिथल्या एका मोठ्या लेण्यात गौतमी बलश्री नावाच्या राणीचा लेख कोरलेला आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी वारला होता, त्याची थोरवी तिने दगडावर कोरून घेतली आणि लेणं भिक्षूंना दान दिलं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नाशकात एका आईने केलेली गोष्ट आहे ही.

वहिनीकडे यातलं काही नाही. ती बौद्ध झाली नाही, ख्रिस्ती झाली नाही, कशात गेली नाही. ती नुसती बाहेर आली. तिच्या संध्याकाळी सात वाजता काय करायचं याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

आणि आपल्या बायकांचं आणखी एक असतं, ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. देवाच्या निमित्ताने आपण घराबाहेर पडतो. भजनी मंडळ, वटपौर्णिमा, हरितालिकेचं जागरण, गडावरची यात्रा, हळदीकुंकू. नवऱ्याला सांगितलं की मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते, तर तो विचारेल कशाला. आरतीला जाते म्हटलं की चप्पल शोधून देतो. देव सोडलेल्या पुरुषाला चहाची टपरी असते. देव सोडलेल्या बाईचा उंबरा एकदम उंच होतो. वहिनीने देव्हारा बंद केला आणि वर्षभरात तिच्या जाण्याच्या सगळ्या जागा बंद झाल्या. एक बैठक राहिली होती, ती आम्ही बंद केली.

आता आणखी एका बाईंची गोष्ट. याही आपल्याच जिल्ह्यातल्या, त्र्यंबकेश्वरजवळच्या जलालपूरच्या. लक्ष्मीबाई टिळक. बऱ्याच जणींना शाळेत त्यांचा धडा असेल. जन्म 1868 चा. माहेरचे गोखले. वडिलांचं सोवळं एवढं की मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायचे, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. आता धुतलेल्या साखरेचं काय राहत असेल ते तुम्हीच सांगा. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा नारायण वामन टिळक, मोठे कवी, आणि डोक्यात एक आलं की घरदार विसरणारा माणूस. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलं नव्हतं.

विचार करा. सव्वाशे वर्षांपूर्वीची ब्राह्मणाची बाई, पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत आहे आणि नाहीही. त्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या घरी जाता येत नाही. कुंकू आहे, संसार नाही. नातेवाईक म्हणतात, त्याला विसर. नवरा पत्र लिहितो, ये. जवळजवळ पाच वर्षं त्या अशा अधांतरी काढतात, बहिणीच्या, नातलगांच्या आधाराने, काही दिवस पंढरपुरात. मग त्या नवऱ्याकडे नगरच्या बाजूला राहायला गेल्या. पण गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. स्वतःचं वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक, सोवळं तसंच. टिळकांनी ते चालू दिलं. बळजबरी केली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. आणि हळूहळू, भांड्याला भांडं लागत, बाईंच्याच मनात प्रश्न यायला लागले की माणसामाणसांत हा विटाळ केला कुणी, देवाने की आपण? तो प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला आणि 1900 साली राहुरीला स्वतः बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईच्या माहेरी साखर धुवायचे, तिने पुढे कुठल्या कुठल्या जातीची अनाथ मुलं पोटाशी धरली.

हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिलं, 1934 पासून ते भागाभागाने निघालं. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं पुस्तक, मराठीतल्या पहिल्या पंक्तीतलं. 1936 ला त्या नाशकातच वारल्या. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळतं, आणि विश्वास ठेवा, रडवण्यापेक्षा हसवतं जास्त. आम्ही गटात त्याचं थोडं थोडं वाचतो. एक कोळी मावशी ऐकून म्हणाली, "म्हंजे नवरा पुढं पळाला, बाई पाच वर्सं मागून चालत आली, पण आली ती आपल्या पायानं." आमच्या बीएच्या पुस्तकात एवढं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं.

आमच्या आजीला ती पाच वर्षं कुणी दिली नव्हती, म्हणून तिने कणगीत अकरा काढली.

भाभीनेही त्या दिवशी एक नाव सांगितलं, हमीद दलवाई. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे. 1977 ला ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता दहन केलं. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाईंनी नंतर मंडळाचं काम पुढे नेलं. भाभी स्वतः पाच वेळा नमाज पढते. ती म्हणाली, "मला त्यांचं पटत नाही. पण त्या बाईला लोकांनी काय काय ऐकवलं असेल, ते मला कळतं." एवढंच बोलली आणि भाजी निवडायला लागली. आम्हाला वाटतं ती आमच्यातली सर्वांत शहाणी आहे.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमात विवेकाचं स्वातंत्र्य आहे, म्हणजे मानायचं तसंच न मानायचंही. आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै 2017 पासून लागू झालेला. कुणाचं दुकान, पाणी, मजुरी, लग्नकार्य, स्मशान गावाने किंवा जातपंचायतीने ठरवून तोडलं तर तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. वहिनीचं तेवढ्यावर गेलं नाही. हळदीकुंकवाला न बोलावण्यावर पोलिसात जाता येत नाही. त्यासाठी ज्यांनी बोलावलं नाही त्यांनीच जावं लागतं.

आम्ही तिघी गेलो. तिच्या पडवीत कांद्याचा ढीग होता, ती पाती कापत होती. आम्ही विळे घेतले आणि बसलो. पाऊण तास कुणी देवाचं बोललं नाही. मग तिनेच विचारलं, "तुमच्यात मयताच्या वर्षाला काय करतात?" आम्ही सांगितलं, फोटोला फूल, वंदना, जमलेल्यांना जेवण, जमलं तर काही दान. ती म्हणाली, "मला तेही नको, पण काहीतरी करावंसं वाटतं. त्याला पुरणाची पोळी आवडायची. नुसती पोळी करून चार पोरांना वाढली तर चालेल का?" चालेल का! तिला वाटत होतं देव नाही तर आठवण काढायचाही हक्क गेला. आमचे डोळे भरून आले आणि कांद्याने सावरून घेतलं.

पुढच्या बैठकीत मात्र भांडण झालं, ते लपवत नाही. आम्ही मांडलं की गटाच्या नावाने हळदीकुंकू नको, करायचं तिने आपल्या घरी करावं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला होता, सरकारनेही परिपत्रक काढलं होतं, ते वाचून दाखवलं. गटात दोघी विधवा आहेत, त्यांनाही आम्ही आजवर वाण द्यायचो ते मागाहून, गुपचूप. अध्यक्षताई चिडल्या. म्हणाल्या, "एकीने देव सोडला म्हणून अकराजणींनी सण सोडायचा? मला वर्षातून एकदा नवी साडी नेसायला मिळते." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांचा नवरा कसा आहे ते आम्हाला ठाऊक आहे. शेवटी ठरलं ते असं की संक्रांतीला तिळगूळ आणि वाण गटात सर्वांना, ज्यांना कुंकू लावायचं त्यांनी आपसात लावावं, कुणी कुणाच्या कपाळाकडे बघायचं नाही. एक सदस्या तरीही गट सोडून गेली. तिला परत आणायचं चाललंय.

दंडाचे तीस रुपये वहिनीला परत दिले. इतिवृत्तात लिहिलं, चुकीने आकारला. तिने मोजून घेतले.

मुलीचं एक स्थळ मात्र मोडलं. पाहुण्यांनी घर बघितलं, देव्हाऱ्याची जागा रिकामी दिसली, आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला. वहिनी त्या रात्री झोपली नाही. आमच्याकडे येऊन म्हणाली, "पोरीसाठी टाक परत आणून मांडू का? खोटंच, नुसतं दिसायला." आम्ही हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आजीचा टाक तिला सांगितला, कणगीतला. मुलीनेच नंतर सांगितलं, खोटं मांडू नको, माझं मी बघते. तिचं शिक्षण चालू आहे, घाई नाही. पण घाई नाही हे म्हणायला सोपं, आईला विचारा.

सासूबाईंचं आणि तिचं अजून सरळ नाही. म्हातारी नातवाच्या दुःखात आहेच, वर सुनेची काळजी, ही वर गेल्यावर काय तोंड दाखवणार. यंदा नवरात्रात दिराकडे घट बसायचा होता, घटाला शेतातली काळी माती लागते. सकाळी वहिनी मळ्यात गेली, पाटीभर माती आणली, चाळून सासूच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "तुमचा घट आहे, माती माझ्या शेतातली न्या." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण माती नेली.

आणि वीस हजारांचे सात हप्ते राहिलेत, ती वेळेवर भरते. मागच्या बैठकीत तिने कर्जाची वही मागून घेतली. कारणाच्या रकान्यातलं घरदुरुस्ती आमच्या लेखनिकाला खोडायला लावलं आणि त्याच्यावर मुलाचं आजारपण असं लिहून घेतलं. बाराही जणींनी, म्हणजे आता अकरा जणींनी, शेजारी पुन्हा सह्या केल्या.

पुढच्या बुधवारी कांदाचाळीच्या अनुदानाचे कागद कोणते लागतात ते घेऊन येऊ. वही-पेन जवळ ठेवा. नमस्कार.